खोडलेला काना

“डोळ्यांनी दगा दिला म्हणायची. न्हाई तर लई खणखणीत वाचायची बया.”

“डोळ्यांनी? अवो मार्थाबाई, मागल्या महिन्यात माझ्या शेळीच्या कानातल्या गोचिड्या टिपून काढल्या तिनं. सुईत दोरा मला ती ववून द्यायची. डोळे कुठं गेलते तिचे?”

“मग वाचायचं कावून सोडलं?”

“आता इचारा जाऊन तिला.”

दोघी हसल्या आणि लगेच हसू आवरून चुलीकडं वळल्या. तुझी माती होऊन दोनच दिवस झाले होते. आपली चूल बंद, म्हणून शेजारच्या गयाबाईनं तिच्या अंगणात आपल्या पाहुण्यांसाठी भाकरी घातल्या होत्या, आणि आपल्या ख्रिस्ती मंडळीतली मार्थाकाकू तिच्या हाताशी बसली होती. मी कुडाच्या अलीकडं रिकामी परात घेऊन उभी होते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. मी पुढं झाले, परातीत भाकरी घेतल्या आणि परत आले.

मोठीमाय, मी नेहमी असंच करते, हे तुला माहीत आहे.

आत्ता मी तुला ‘तू’ लिहिलं. तोंडानं कधी म्हटलं नाही. तू पप्पांच्या थोरल्या भावाची बायको. घरातली सगळी पोरं तुला अगं-तुगं करायची, मी एकटी ‘तुम्ही’ म्हणायचे. बीडच्या इंग्रजी शाळेत ‘यू’ म्हटलं की काम व्हायचं, जवळचं माणूस आणि लांबचं माणूस त्यात एकच. मराठीत आलं की निवडावं लागायचं, आणि निवडायची वेळ आली की मी लांबचं निवडते. तुला ते खटकायचं. एकदा शेंगा फोडता फोडता तू विचारलंस, “मला तुमी तुमी कावून करतीस गं? मी काय तलाठी हाय?”

मी हसले.

“देवाला काय म्हणतीस प्रार्थनेत?”

“तू.”

“मग? मी त्याच्यापरीस मोठी हाय व्हय?”

मी आणखी चार शेंगा फोडल्या.

माझा आवाज घशातच राहतो. शाळेत हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हटलं तरी बाई दुसऱ्यांदा नाव घ्यायच्या. तुझा डावा कान लहानपणीच वाहून वाहून गेलेला. आपल्या दोघींचं खरं तर जमायलाच नको होतं. पण सुट्टीत गावी आल्यावर मी काही पुटपुटले की तुझ्या हातातलं काम थांबायचं. तू मान वळवायचीस, उजव्या कानावरचा पदर मागं सारायचीस आणि तो कान माझ्या तोंडापाशी आणून थांबायचीस. “हां बाय, बोल.” शेळ्या दावं ओढत असायच्या, तव्यावर भाकरी करपत असायची. तू थांबलेली असायचीस. ‘मोठ्यानं बोल’ हे मला आजवर सगळ्यांनी सांगितलं. तू कधीच सांगितलं नाहीस.

मे महिन्यात तू देवळाच्या पत्र्याच्या पडवीत पोरांना देवाचे गुण शिकवायचीस. चाळिशीत तू वाचायला शिकलीस, मोठ्या पप्पांकडून, आणि तेही शास्त्रातूनच, म्हणजे बायबलातून. दुसरं काही तू वाचलंच नव्हतंस, त्यामुळे कडा गावच्या स्टँडवर एसटीची पाटीसुद्धा तू उपासनेच्या चालीत वाचायचीस, आणि मी चार पावलं मागं राहायचे, आपण एकत्र आहोत असं कुणाला वाटू नये म्हणून. हेही तुला सांगायचं राहिलं.

पडवीतला तुझा तास मला अजून शब्दाला शब्द ऐकू येतो.

“देव सर्वव्यापी हाय. म्हंजी?”

“सगळीकडं हाय!”

“तोडीवर?”

“हाय!” अर्धी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी, फडाजवळ उसाच्या पाचटाच्या कोपीत राहणारी, त्यांचा आवाज जास्त.

“कोपीत?”

“हाय!”

“टॅक्टरवर?”

“हाय!”

“मग पाचटात बसून एकमेकाला शिव्या देता, त्या कुणाला ऐकू येतेत?”

पोरं एकमेकांकडं बघायची. मग कुणीतरी फिस्सकन हसायचं, आणि सगळ्यात आधी तूच पदर तोंडाला लावायचीस.

देव बदलत नाही, असं तू सांगत असताना एका पोरीनं विचारलं होतं, “त्या डोंगरावानी का?” तू मागं वळून डोंगराकडं पाहिलंस. “डोंगर बी पोखराय लागलेत आता, बाय. त्याला कुणी पोखरत न्हाई.” बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, हे तू चुलीच्या तीन दगडांवरून सांगायचीस: तीन दगड, पण चूल एकच, आणि एक काढला तर तवा ठरत नाही. मी सातवीत असताना तुला सांगितलं की हे बरोबर नाही, तीन दगड वेगवेगळे असतात, देव तसा वेगवेगळा नाही, आमच्या शाळेत शिकवलंय. तू म्हणालीस, “असंल. मला चुलीपरमाणंच कळलं, काय करू?”

आणि सगळ्यात शेवटी, ठेवणीतला दागिना काढावा तसा तू शेवटचा गुण काढायचीस.

“आन् देव कानवाळू हाय. कानवाळू म्हंजी? ज्याचा कान आपल्याकडं वळतो, त्यो.” मग तू कान वळवून दाखवायचीस. समोरची सगळी पोरं एकदम माना वाकड्या करायची. मीही करायचे.

तुझ्या शास्त्रात तो शब्द ‘कनवाळू’ असाच छापलेला होता. तुझं त्यावर म्हणणं ठरलेलं होतं: “छापणाऱ्याकडनं काना ऱ्हायलाय. माणूसच हाय त्यो बी. म्हणून मीच दिला.” आणि जिथं जिथं तो शब्द होता तिथं तिथं ‘क’च्या पुढं तू पेन्सिलीनं, दाबून, एकेक उभी रेघ मारून ठेवली होतीस. पहिल्यांदा दाखवलीस तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि छापणाऱ्याची चूक तुला सापडली याचा मला फार अभिमान वाटला होता.

नंतर मी शहाणी झाले.

दहावीच्या सुट्टीत मी तुला तो प्रश्न घातला. शाळेत कुणीतरी विचारला होता, मला तो इतका आवडला की जणू माझाच होता. देवाला सगळं आधीच माहीत असतं, तर त्याला सांगायचं कशाला? आणि तो बदलत नसेल, तर त्यानं ऐकून उपयोग काय?

“थांब, इचार करू दे,” तू म्हणालीस. दोन दिवस तू तो विचार केलास. मी विसरूनही गेले होते. तू शेळीखाली बसून धार काढत होतीस आणि तिथूनच बोललीस, “तू दारात आली की तुझं तोंड बघूनच मला कळतंय, हिचं कायतरी बिनसलंय. तरी मी इचारते का न्हाई, काय झालं बाय म्हणून? मला ठाऊक नसतंय म्हणून न्हाई इचारत. तुला सांगायचं असतंय म्हणून इचारते.”

“ते तुमचं झालं. देवाचं वेगळं.”

“कावून येगळं?”

“तुम्हाला ऐकून वाईट वाटतं. देवाला वाईट वाटलं म्हणजे तो बदलला.”

“वाईट वाटल्याबिगर क्रूसावर गेला व्हय त्यो?”

“ते पुत्राचं. मी पित्याचं विचारतेय.”

धारेचा आवाज थांबला. तू शेळीच्या पोटाआडून माझ्याकडं पाहिलंस. “मग बाप काय घरी निवांत बसला व्हता का?”

“असं नसतं ते,” एवढं म्हणून मी उठून गेले. आपला तो वाद तिथंच आहे. त्यानंतर कितीदा तरी मला वाटलं की परत तुझ्याशेजारी बसावं आणि म्हणावं, बरं, सांगा पुढं. ते झालं नाही, कारण मधे तो सुगीचा सण आला.

बारावीत होते मी. देवळात बाजरीची कणसं टांगलेली, पुढं भोपळे, वांगी, तुरीच्या शेंगांचे भारे, आणि कुणीतरी देवाला आणलेली एक कोंबडी पाय बांधून कोपऱ्यात ठेवलेली. ती उपासनाभर कुरकुरत होती. शहरातून पाहुणे आले होते आणि त्यांच्यात माझ्या वर्गातली एक मुलगी होती. तिला मी माझं गाव कधी सांगितलं नव्हतं. ती आनंदानं येऊन माझ्या शेजारी बसली. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: वाचायला उभी राहणारी ही बाई आपली कोण, हे हिला कळू नये.

तू नवं पातळ नेसून उभी राहिलीस. खणखणीत वाचलंस. आणि मग तो शब्द आला, कान्यासकट.

“कानवाळू?” ती मुलगी माझ्या कानात म्हणाली. “म्हणजे, कान?” आणि तिला हसू आवरेना.

मी म्हणाले, “कनवाळू.”

तिला सांगण्याइतक्या आवाजात म्हणायचं होतं. निघाला तो आवाज मोठा होता. तू वाचायची थांबलीस. मी बोलले एवढं तुला कळलं, काय बोलले ते कळलं नव्हतं. मग तू तेच केलंस जे नेहमी करायचीस. उजव्या कानावरचा पदर मागं सारलास, भरल्या देवळात मान माझ्याकडं वळवलीस, आणि म्हणालीस, “काय म्हणली बाय?”

मोठीमाय, तिथं मी ‘काही नाही’ म्हणू शकले असते. आयुष्यभर दुसरं काय म्हणत आले मी? सगळ्यांना तेच उत्तर देते. त्या दिवशी तेवढं ते मला सुचलं नाही. तू वळवलेल्या कानात मी स्पष्ट सांगितलं, “कनवाळू आहे ते. कानाचा काही संबंध नाही त्यात.”

त्या दिवशी मला कुणी ‘मोठ्यानं बोल’ म्हणालं नाही. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

“हां,” तू म्हणालीस. “कनवाळू.” शब्दावर बोट ठेवून पुन्हा म्हणालीस, “क-न-वा-ळू.” पुढचं सगळं तू नव्यानं शिकलेल्यासारखं, अक्षर जुळवत वाचलंस. उपासनेनंतर देवळाचे तेव्हाचे धर्मगुरू, पाळक, पप्पांना म्हणाले, “इंग्रजी शाळेत असून पोरीचं मराठी पक्कं आहे हो.” पप्पांना बरं वाटलं. घरी आल्यावर पहिलं ताट तू मला वाढलंस, आणि त्यावर तूप घातलंस.

पुढच्या रविवारी तू म्हणालीस की डोळ्यांनी दिसत नाही. पप्पांनी कड्याहून चष्मा करून आणला. तो डबीतच राहिला. पुढच्या मे महिन्यात मी पडवीत सगळ्यात मागं जाऊन बसले. गुण सगळे सांगून झाले: सर्वज्ञ, पवित्र, न्यायी. तू फडकं उचलून फळा पुसायला लागलीस. एक बारकी पोरगी म्हणाली, “आन् कानवाळू?”

“ते माझं चुकलं व्हतं, बाय. ते आता म्हणायचं न्हाई.”

तुझी पाठ माझ्याकडं होती. मी आहे हे तुला माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

आता मी बीडला शिकवते, त्याच प्रकारच्या शाळेत. लाल पेननं पोरांच्या चुकांखाली रेघा मारते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा शब्दकोश हातात आला म्हणून मी तो शब्द काढून बघितला. कनवाळू, कणव असलेला. मग कणव म्हणजे काय, तेही बघावं लागलं. तुला भरल्या देवळात ज्या शब्दासाठी टोकलं, त्याचा अर्थ मला नीट माहीत नव्हता. मला फक्त त्यात काना नाही एवढं माहीत होतं.

तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी आले. बीडपासून एसटीत मी ते वाक्य म्हणत आले होते. खाटेच्या उजव्या बाजूला स्टूल होतं. येणारे सगळे तिथं बसायचे, तुला ऐकू यावं म्हणून. मी ते उचललं आणि डावीकडं ठेवलं. हे नकळत झालं नाही. कुठला कान कुठं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तुझ्या डाव्या कानाशी वाकून मी म्हणाले, “मोठीमाय, त्या दिवशी माझं चुकलं.”

तू डोळे उघडलेस. मान उचलवत नव्हती तरी उशीवरून हळूहळू ती माझ्याकडं वळवलीस, पार उजवा कान वर येईपर्यंत. “काय म्हणली बाय?”

“काही नाही. पाणी देऊ का?”

“दे.”

दोन घोट प्यायलीस. मग माझा हात धरून निजलीस. मी बसून राहिले, आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून उठले. ती चुकली असती तरी चाललं असतं.

कधी कधी वाटतं, तुला ऐकू गेलं होतं. पण तसं वाटून घेणं माझ्या फार सोयीचं आहे, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवत नाही. आणि तुझा वाद मी आता एकटीच पुढं चालवत असते: सगळं माहीत असलेल्या देवाला मी हे कसं सांगू? तू म्हणशील, तुला सांगायचं असतंय म्हणून. मग मी सांगायला बसते आणि तिथंही ‘काही नाही’ म्हणून उठते.

काल तुझ्या आठवणीची उपासना झाली. नव्या पाळकांनी पप्पांना विचारलं, घरातलं कोण वाचेल? पप्पा म्हणाले, “आमची लेक वाचंल, तिचं वाचन चांगलं हाय,” आणि तुझं शास्त्र माझ्या हातात दिलं. कापडात गुंडाळलेलं. मी आतल्या खोलीत जाऊन पान काढलं. सुगीच्या दिवशी तू वाचलेलं तेच पान होतं ते.

शब्दाजवळ काना नव्हता. रबरानं खोडला होता. कागद तिथं खरबरीत, पातळ झाला होता. मी दुसरं पान काढलं, मग तिसरं. तू एकही सोडला नव्हतास. डोळे गेल्याचं सांगत होतीस, तरी तू बारीक अक्षरांतून तो शब्द प्रत्येक ठिकाणी शोधून काढला होतास आणि माझं म्हणणं मान्य केलं होतंस. पण तू दाबून लिहायचीस. रेघ गेली तरी खाच राहिली होती. बोट फिरवलं की लागत होती.

देऊळ भरलं होतं. गयाबाईही आली होती, दाराशी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. मी उभी राहिले, वाचायला सुरुवात केली, आणि माझं मलाच ऐकू आलं नाही.

“मोठ्यानं गं बाय,” मागून गयाबाई म्हणाली, “हिकडं काय बी येईना.” कुणीतरी तिला श्श केलं. “श्श काय? मी काय तोंडं बघाय आले का?”

मी पुस्तकावर बोट ठेवून वर पाहिलं.

“मोठीमायचे डोळे चांगले होते,” मी म्हणाले.

मार्थाकाकूनं मान वर केली. गयाबाईनं कानामागं हात धरला, कान माझ्याकडं वळवला. “काय म्हणली?”

‘काही नाही’ तोंडात आलं होतं.

“मोठीमायचे डोळे चांगले होते. सुगीच्या सणाला मी तिला सगळ्यांसमोर टोकलं, तेव्हापासून तिनं वाचणं सोडलं. तिला मी कधी सांगितलं नाही की माझं चुकलं. तिला ऐकू येणार नाही अशा कानात सांगितलं.”

पप्पा खाली बघत होते. मला वाटलं, आता बसावं. पण वाचायचं राहिलं होतं, तर मी वाचायला लागले, मागच्या भिंतीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात. तो शब्द आला. तिथं कागद खरबरीत होता.

“देव कानवाळू आहे,” मी वाचलं.

पाळक नवे होते, त्यांना काही माहीत नव्हतं. ते पुढं वाकून हळूच, मला लाज वाटू नये अशा बेतानं म्हणाले, “कनवाळू.”

“कानवाळूच,” मी म्हणाले. “इथं काना आहे.”